पटात उतरवलेली फटफटी

कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात मला कोणी नाव विचारलं नाही. गाडीबद्दल विचारलं. मी स्टँडवर गाडी लावत होते, तेवढ्यात वर्गातल्या एका मुलानं हँडलवर वाकून पाहिलं.

"टॉप किती देते?"

टॉप म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. वेगाचं काहीतरी असावं म्हणून मी म्हणाले, "काटा मेला आहे."

तो मागच्या मित्रांकडे वळला. "काटाच मेला हाये बे. गाडी का जित्ती असन?"

ते हसले. मीही थोडी हसले, कारण हसलं नाही तर जास्त हसतात हे मला शाळेपासून माहीत होतं.

गाडी बाबांची होती. शंभर सीसीची, जुनी. टाकीवर काळा रंग होता, पण बाबांचे गुडघे जिथे टेकायचे तिथला उडून पत्रा दिसत होता. बाबा तिला फटफटीच म्हणत. आमचं गाव सावली तालुक्यात, जंगलाच्या आत. कॉलेज वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीत. आमच्या घरातून बारावीच्या पुढे मीच पहिली गेले. सकाळचं प्रॅक्टिकल गाठायचं तर घरून उजाडताच निघावं लागे. फाट्यावर बस मिळायची, पण फाट्यापर्यंत जंगलातून पायी जावं लागायचं, आणि उजाडताना आमच्याकडे एकटं कोणी पायी जात नाही. वाघ असतो. गाडी होती म्हणून कॉलेज होतं. एवढं साधं होतं ते.

बाबांना ती आता चालवता येत नव्हती. पटात त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. पट म्हणजे शंकरपट, बैलांची शर्यत. धानाची कापणी झाली की रिकाम्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, सपाट करून धावपट्टी काढतात, शेजारी शेजारी दोन जोड्या सोडतात, आणि गावंच्या गावं बघायला येतात. बाबा हाकणारे होते. हातात तुतारी, म्हणजे टोकाला लोखंडी आर बसवलेली काठी. शेवटच्या पटात ते बैलगाडीखाली आले. मग पटाला बंदी आली. बंदी उठली तोवर गोठा रिकामा झाला होता.

गाडी मी गरजेनं शिकले. मजा नंतर आली, आणि तिची मला लाजच वाटली. कॉलेजला शिकायला पाठवलं होतं, मजा करायला नाही.

ती मजा नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. गाव सुटलं की नाल्यावरचा ठेंगणा पूल लागतो. पुढे सागाच्या आणि मोहाच्या झाडांतून दोन वळणं आहेत, एक उजवीकडे, लगेच दुसरं डावीकडे. पहिल्या वळणाआधी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकायची. एक्सलेटर सोडायचा, गाडी वाकली की हळूच परत द्यायचा. तसं जमलं की इंजिनाचा आवाज जाड होतो आणि गाडी आपल्या अंगातूनच वळल्यासारखी वळते. ती उभी राहते ना राहते तोच दुसऱ्या बाजूला झुकवायची. नाही जमलं तर कळतं. जमलं तर दिवसभर मांडीत आणि खांद्यात ते राहतं. माझ्या आयुष्यात तोवर मला परीक्षेत मार्क मिळाले होते, पण असं काही मिळालं नव्हतं जे दुसऱ्या कोणी तपासायचं नव्हतं.

मोहफुलांच्या दिवसांत तिथे झाडाखाली बायका टोपल्या घेऊन फुलं वेचत असत. मी इतकी सावकाश जायचे की बोलणं व्हायचं.

"कुठी चालली वो?"

"कालेजले, काकू."

"जाय, जाय. म्याडम होऊन ये. आमची फुलं वेचाले."

मग सगळ्याजणी खिदळायच्या. वळण संपेपर्यंत ऐकू यायचं.

माझा मोठा भाऊ ऊर्जानगरच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होता. सुट्टीला घरी यायचा तो नव्या गाडीवर. आधी आवाज यायचा, कोंबड्या पळायच्या, मग तो दिसायचा. उतरला की हेल्मेट काढायच्या आधी सांगायचा की ऊर्जानगरहून किती वेळात आला. रस्त्यात काय पाहिलं हे त्यानं कधी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "रस्ता पाह्यलो. आनखी का पाहू?"

त्याच्या मागे बसून मी एकदा गडचिरोलीला गेले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याच्या पाठीवरचं जॅकेट सोडून मला काही दिसलं नाही. दोन्ही वळणं कधी गेली ते कळलंच नाही. पुलावर वैनगंगा होती की नव्हती, देवाला माहीत. उतरल्यावर तो म्हणाला, "पाह्यलं? याले गाडी म्हंतेत."

त्या हिवाळ्यात त्यानं ठरवलं की बाबांची गाडी घालवायची. नदीकाठचा एक मासेविक्या घ्यायला तयार होता.

"लोकं मले हासून राह्यले," भाऊ म्हणाला. "म्हंते, तुही बहीन फटफट्या घेऊन फिरते. धड पळतही नाई."

"मला मजा येते, दादा. आणि प्रॅक्टिकल..."

"मजा? मजा मोजता येते का? माह्या काट्यावर एकशे तीस दिसते. तुह्या काट्यावर का दिसते?"

त्यानं स्वतःच बोटानं हवेत शून्य काढलं.

"सुन्न. तुही मजा सुन्न."

बाबा ओसरीवर बसून तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, दोर वळत होते. बैल नव्हते, तरी वळायचे. त्यांची एक रीत होती, गोठ्यात वापरलेली: पळे तो गोठ्यात, न पळे तो बाजारात. मी लहान असताना आमच्या जोडीतला एक पांढरा बैल दोन पट हरला होता. तो नांगराला चालत होता, माझ्या हातून कोंडा खात होता. बाबांनी त्याला बाजारात नेलं. तो बाजार कसला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. निघताना आईनं त्याला हळदकुंकू लावलं. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही.

आता बाबा दोरावरून मान वर न करता म्हणाले, "गावात पट हाये. बैलं झाले का पोट्टे गाड्या पळवतेत. पळवू. पळाली त राहीन, नाई पळाली त जाईन."

"बाबा, ती पळायची गाडी नाही."

"मंग कायची हाये?"

वळणाची म्हणावं असं मनात आलं. पण ओसरीवर बसून ते मूर्खासारखं वाटलं असतं.

बाबांनी तेवढी दया केली. समोर दादाची गाडी ठेवली नाही. शेजारच्या किराणावाल्याची तशीच जुनी शंभरची गाडी ठरवली. मला वाटलं, बाबा माझ्या बाजूनं आहेत. ते होतेही. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

पटाच्या दिवशी दुपारपर्यंत बैल पळाले. आरीला आता मनाई आहे, पण पाठींवर रक्ताचे ठिपके होते. भोंग्यावर एकजण सारखा बोलत होता, प्रत्येक जोडीला काहीतरी टोमणा चिकटवत होता. मोहाच्या दारूचा वास सगळ्या मैदानाला होता. मी आईसोबत पोहे खायला गेले तेव्हा गाडी तणसाच्या ढिगाजवळ लावलेली होती आणि तिच्यापाशी बाबा एकटेच होते. मी परत आले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. इतके खूष मी त्यांना खुबा मोडल्यापासून पाहिले नव्हते.

"जाय बाई," त्यांनी सीटवर थाप मारली. "आज तिले कोनी रोकत नाई."

त्यांच्या हाताला वास येत होता. पण त्या दिवशी तिथे सगळ्यांच्याच हाताला येत होता.

झेंडी पडली. गाडी छान सुटली. मी किराणावाल्याच्या पुढे होते. सरळ धावपट्टीत वळण नाही, काही नाही, तरी मधे एका जागी माती भुसभुशीत होती, तिथे मागचं चाक थोडं सरकलं आणि मी ते सावरलं. मला तेवढ्यातही मजा आली. मग इंजिन खोकलं. एकदा, दोनदा. मी एक्सलेटर पिळला. पांढरा धूर निघाला आणि गाडी धावपट्टीच्या मधोमध मेली.

किराणावाला बाजूनं गेला. जाताना हॉर्न वाजवला.

भोंगा म्हणाला, "ही जोडी बसली हो! पानी पाजा, पानी!"

मी किक मारली. मारत राहिले.

"अवो म्याडम, कालेजात हेच शिकवतेत का? गाडी परीक्षेले बसली, पन पास नाई झाली!"

सगळं मैदान हसलं. मोहफुलं वेचणाऱ्या बायकाही होत्या, त्याही हसल्या. दोघं-तिघं पळत आले. मला वाटलं धक्का द्यायला आले. त्यातल्या एकानं सदऱ्याखालून तुतारी काढली आणि बैलाला टोचतात तशी सीटला टोचली. "हाल! हाल!" आर आत गेली, पिवळा फोम बाहेर आला. त्यानं आणखी दोनदा टोचली. लोकांना ते फार आवडलं. मी गाडी ढकलत बाहेर काढली, तोवर तो मागून टोचत चालत होता.

दादा कडेला उभा होता. हसत नव्हता. मान खाली घालून मोबाइल बघत होता.

घरी आणून मी टाकीची नळी काढली आणि पेट्रोल पाण्याच्या पारदर्शक बाटलीत उतरवलं. थोड्या वेळानं बाटलीत दोन थर झाले. वर पेट्रोल, खाली गढूळ, पांढुरकं. झाकण उघडून वास घेतला. मोहाची होती.

मला तेव्हा समजलं. पटाच्या सकाळी बाबा बैलांना पहिल्या धारेची पाजायचे. ती चांगली आहे की नाही हे बघायला आधी काडी लावायचे. निळी जळली तरच पाजायची. पेट्रोलही जळतं. बाबांच्या हिशेबानं जे जळतं ते पळवतं. त्यांनी आपल्याजवळची सगळ्यात चांगली बाटली माझ्या गाडीला पाजली होती, मी जिंकावी म्हणून. पहिली धार झाली तरी तिच्यात पाणी असतं, आणि पाणी टाकीच्या तळाशी जाऊन बसतं, तिथूनच इंजिनात जातं. हे बाबांना कोण सांगणार होतं?

मी टाकी धुतली, कार्बोरेटर फुंकला, नवं पेट्रोल घातलं. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. ती बाटली घेऊन मी ओसरीवर गेले. तिथे बाबा होते, दादा होता, आई तांदूळ निवडत होती.

"टाकीत मोहाची होती," मी म्हणाले. "म्हणून बंद पडली. आता सुरू झाली. ऐका."

अंगणात गाडी चालूच होती. सगळ्यांना ऐकू येत होतं.

दादानं बाटलीकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि त्याला हसू फुटलं. "बाबा! फटफटीले पाजले का तुमी?"

बाबांचा चेहरा मी पाहिला. भरल्या मैदानात मी उभी होते तेव्हा माझा असाच झाला असेल. त्यांनी दोर बाजूला ठेवला.

"मी काऊन पाजीन? पोरीले चालवता आली नाई. हारली, आता खोटं बोलून राह्यली."

"बाबा..."

आई तांदळातून मान वर न करता म्हणाली, "बापाले खोटा पाडतेस? हेच शिकाले गेल्ती का?"

मी बाहेर जाऊन गाडी बंद केली.

गाडी मासेविक्याकडे गेली. नेताना त्यानं दादाला विचारलं, "टॉप किती देते?" दादा म्हणाला, "टॉप-बिप नाई तिले." मासेविक्यानं मागे पेटी बांधायला कॅरिअर ठोकून घेतला आणि फाटलेल्या सीटवर पोतं बांधलं.

पहिले काही दिवस दादानं मला सोडलं. मग त्याची सुट्टी संपली. मग ऊन वर आल्यावर गावातल्या आम्ही चारजणींनी मिळून फाट्यावर जायचं, मिळेल ती बस घ्यायची. सकाळचं प्रॅक्टिकल तोवर सुटलेलं असायचं. सरांनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा परीक्षेला बसू दिलं नाही. तो विषय राहिला. वर्ष गेलं. गावात बोलणं झालं की पटातही बसली आणि कॉलेजातही बसली.

बसमधून कधी कधी ती गाडी दिसते. मासेविक्या माशांची पेटी बांधून जात असतो. बस एका हॉर्नमध्ये तिला मागे टाकते. तो वळणावर गिअर बदलत नाही, चौथ्यातच रेटतो. गाडी थरथरते. बसमध्ये बसल्या बसल्या माझी मांडी आवळली जाते.

परवा बाबांनी विचारलं. मी ओसरीवर वाचत होते, ते दोर वळत होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. बराच वेळ घसा खाकरून ते म्हणाले, "त्या फटफटीत तुले का मजा होती वो, बाई?"

इतके दिवस मला हेच कोणीतरी विचारावं असं वाटत होतं. नाल्याचा पूल, तिसरा गिअर, उजवीकडून डावीकडे झुकताना पोटात पडतो तो खड्डा, सगळं जिभेवर होतं. बाबांना ते कळलंही असतं. बैलांची पाठ हाताखाली कशी लागते ते त्यांना माहीत होतं. ते दोर थांबवून माझ्याकडे बघत होते.

"काही नाही, बाबा," मी म्हणाले. "पळत नव्हती ती."

त्यांनी मान हलवली आणि परत दोर वळायला घेतला. मी पान उलटलं.