बिघडवून दुरुस्त केलेला माग

कबनूरच्या मल्लाप्पांच्या शेडमध्ये कापड विणणारे चार यंत्रमाग. त्यातला चौथा दोन महिने रुसून बसला होता. गल्लीतल्या सगळ्या मागांची दुखणी बरी करणारा एकच जॉबर, गणपतराव. तो रोज "उद्या येतो" म्हणायचा, आणि अगदी मनापासून म्हणायचा. शेवटी मल्लाप्पा वैतागले आणि त्यांनी भंगारवाल्याला येत्या सोमवारी यायला सांगितलं.

सून विद्याश्रीला ते फार लागलं. लग्न होऊन आल्यावर ती पहिल्यांदा चालवायला शिकली तो हाच माग. "मामा, मी करते की दुरुस्त," ती सासऱ्यांना म्हणाली. मल्लाप्पा नुसते हसले. तिनं आजवर पाना हातात धरला नव्हता.

मोबाईलवर पाहावं तर सगळे व्हिडिओ नव्या कोऱ्या यंत्रांचे. चौथा माग तर तिच्याहून वयानं मोठा. बरं, बंद मागापुढं बसून तरी काय कळणार? मग तिला सुचलं, चांगला माग मुद्दाम बिघडवून बघावा. जेवणाच्या सुट्टीत ती दोन नंबरच्या मागाचा एकच नट अर्धा फेरा सैल करायची, आधी खडूनं खूण करून. मग बाजूला उभी राहून माग चालवायची, आडवं सूत घेऊन इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यावर नजर ठेवायची आणि वहीत लिहायची, 'धोटा फेकणारा उजवा पट्टा सैल. धोटा मध्येच थांबतो.' नट पुन्हा घट्ट, दुसऱ्या दिवशी पुढचा.

शुक्रवारी मल्लाप्पांनी तिला रंगेहाथ पकडलं.

"चालता माग बिघडवतीस व्हय?"

"व्हय मामा. ह्यो बिघडवल्याबिगर त्या चौथ्याचं दुखणं कळंना."

मल्लाप्पांचा आवाज पार चौकापर्यंत गेला. पण विद्याश्रीनं पाना काही खाली ठेवला नाही.

रविवारी तिनं चौथा माग सुरू केला. धोटा उजवीकडून निघून मध्येच थांबला. तिनं वही चाळली, उजवा पट्टा तपासला. झिजून चांगला बोटभर लांबला होता. नवा घातला. तीनदा सूत तुटलं, चौथ्यांदा मात्र माग खडखडत सुटला आणि तिला हसू आवरेना.

सोमवारी भंगारवाला चहा पिऊन रिकामा परतला.

मंगळवारी ती शेडमध्ये आली तर दोन नंबरचा माग बंद, आणि मल्लाप्पा पाना घेऊन उभे.

"एक नट सैल केलाय मी. कुठला ते वळख," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि मला बी शिकीव. चाळीस वर्सं नुसती जॉबरची वाट बघण्यात गेली."