टोलवाली बेरित

जानेवारीच्या तीन तारखेला सकाळी बेरित हाल्क्विस्टची बस शेवटच्या थांब्यावर नऊ मिनिटं आधी पोचली, आणि आता या नऊ मिनिटांचं करायचं काय, हे तिला कळेना.

बावीस वर्षं ती स्टॉकहोममध्ये बस चालवत होती. वेळापत्रकात दर फेरीनंतर दहा मिनिटांची विश्रांती छापलेली असायची. छापणारा साहेब स्कान्स्टुलच्या पुलावर सकाळी आठला कधी अडकलेला नसावा. ती दहा मिनिटं पूलच गिळायचा. बेरित थांब्यावर पोचायची तेव्हा परतीची वेळ उलटून गेलेली असायची, दारात माणसं घड्याळं बघत उभी. मग लघवीला जायचं कधी? त्यासाठी तिने सकाळी पाणी पिणंच सोडलं होतं. दोनदा मूत्रमार्गाचा विकार झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भरपूर पाणी प्या." बेरित म्हणाली, "पिते की. तुम्ही येता बस सांभाळायला?"

त्या दिवशी तिने बस लावली, आत जाऊन आली, हात धुतले, कॉफी घेतली आणि बसून प्यायली. बसून! समोरचा रस्ता सकाळच्या नऊला रिकामा पडला होता.

कारण एकच. त्या दिवसापासून शहरात गाडी घालायला टोल लागला होता. गर्दीच्या वेळी जास्त, एरवी कमी, रात्री काहीच नाही. सात महिने करून बघू, मग लोकांना विचारू, असं ठरलेलं.

आता खरं सांगायचं तर या टोलला शिव्या देण्यात बेरितच पुढे होती. तिचे वडील उत्तरेला जंगलात लाकूडतोडे. सरकारने हात पुढे केला की खिसा दाबून धरायचा, हे ती बाराखडीबरोबर शिकलेली. धाकट्या बहिणीचा नवरा तोर्द नळकाम करायचा. त्याने आदल्या शरदात टोलविरोधी अर्जावर सह्या गोळा केल्या, तेव्हा पहिली सही बेरितची होती. चांगली ठसठशीत.

कॉफी संपवून तिने तिथूनच तोर्दला फोन लावला.

"माझी सही खोड."

"का गं? कुणी दम दिला का?"

"रस्त्याने दिला. खोड म्हणते ना!"

त्या दिवसापासून, ती आणि तोर्द दोघंही राहायचे त्या ओर्स्टा भागातल्या सत्तावीस बिऱ्हाडांच्या इमारतीत तिचं नाव पडलं टोलवाली बेरित. तिने ते छातीवर बिल्ला लावावा तसं मिरवलं.

जुलै संपला, प्रयोग संपला. सुट्ट्या आटोपून माणसं शहरात परतली आणि आठवडाभरात पूल पुन्हा तुंबला. बेरितची कॉफी गेली, पाणीही गेलं. सतरा सप्टेंबरला मतदान. टोल हरला तर निवृत्तीपर्यंतची आठ वर्षं अशीच, कोरड्या घशाने काढायची. तिच्यासाठी हा वाद राजकारणाचा नव्हताच.

ऑगस्टअखेर इमारतीच्या अंगणात, तिथल्या रिवाजाप्रमाणे, कोळंब्यांसारखे दिसणारे लाल खेकडे खायची मेजवानी झाली. सगळ्यांच्या डोक्यावर कागदी टोप्या, गळ्यात फडकी, झाडाला चंद्राच्या तोंडाचे कंदील. तिसऱ्या पेल्याला तोर्द उठला.

"रस्ता कुणाचा? सगळ्यांचा! जे सगळ्यांचं, त्याला वेळेची अट नि दाम कसला? ज्याला हवं त्याने हवं तेव्हा जावं. याला म्हणतात मोकळा देश!"

टाळ्या पडल्या. पहिल्या मजल्यावरच्या शहाऐंशी वर्षांच्या सिग्ने आजींनीही वाजवल्या, आणि त्यांच्याकडे तर सायकलसुद्धा नव्हती.

बेरित टोपीसकट उभी राहिली. "जावईबापू, तळघरातली धुण्याची खोली कुणाची?"

"सगळ्यांची."

"मग तिथल्या फळ्यावर कुलपं कशाला?"

तळघरात तीन यंत्रं होती आणि भिंतीवर वार-वेळांची भोकं पाडलेला फळा. प्रत्येक बिऱ्हाडाचं नंबर घातलेलं छोटं कुलूप. ज्या भोकात लावाल ती वेळ तुमची. या देशात माणसं एकमेकांवर ओरडत नाहीत, पण दुसऱ्याच्या वेळेत पाच मिनिटं यंत्र चालू ठेवा, दारावर चिठ्ठी चिकटलेली दिसेल, आणि ती वाचून झोप उडेल.

"ते वेगळं," तोर्द म्हणाला. "तिथे पैसे नाही पडत."

"पैसे नाही, रविवार पडतो! रविवार हवा तर आठवडाभर आधी कुलूप लावायचं, नाही मिळाला तर मंगळवारी धुवायचं. किंमतच ती. बरं, तुझा मोकळा देश उद्यापासून तळघरात!"

खोलीची देखरेख तिच्याकडेच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पेचकस घेतला, फळा उतरवला आणि चिठ्ठी लावली: "धुणं सगळ्यांचं. ज्याला हवं त्याने हवं तेव्हा धुवावं. कल्पना: तोर्द."

सोमवारी लोक हसले. बुधवारी संध्याकाळी सहाला तळघरात अकरा टोपल्या रांगेत होत्या आणि सकाळी दहाला चिटपाखरू नव्हतं. गुरुवारी कुणीतरी तोर्दच्या कामाच्या विजारी ओल्याच बाहेर काढून फरशीवर ढीग घातला. शुक्रवारपर्यंत दारावर चौदा चिठ्ठ्या झाल्या. एकीवर फक्त "लाज!" एवढंच, खाली तीन रेघा मारून. आणि रविवारी जिन्यापर्यंत रांग. चाळीस वर्षं एकमेकांना फक्त मान हलवून नमस्कार करणारी माणसं चक्क आवाज चढवून बोलत होती.

"फळा लाव गं बाई," तोर्द टोपली काखेत मारून म्हणाला. "मला उद्या घालायला विजार नाही."

"मोकळा देश आहे. विनाविजार फीर."

रांगेतून सिग्ने आजी पुढे सरकल्या. "मी काही रविवारीच धुतलं पाहिजे असं नाही. माझे सगळे वार रिकामे. पण नको म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून मीही आले रविवारी." त्या जरा थांबल्या. "ते गाड्यांचंही असंच असेल का गं? पाचातली एक हटली, की उरलेल्या चार सुटतात?"

बेरितने सात महिने घसा फोडून जे सांगितलं होतं, ते आजींनी एका वाक्यात सांगून टाकलं. बेरितने खिशातून पेचकस काढला आणि सगळ्यांदेखत फळा जागेवर घट्ट बसवला. कुलपं लावायला अशी झुंबड उडाली, की तीच आवरायला तिला दम द्यावा लागला.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या दारात ती "हो"च्या चिठ्ठ्या वाटत उभी होती. पलीकडे "नाही"वाले. इथे शहाणा माणूस दोन्हीकडून चिठ्ठी घेतो, म्हणजे पेटीत कुठली गेली ते कुणाला कळत नाही. तोर्द इस्त्रीची विजार घालून आला, दोन्ही घेतल्या.

"कुठली टाकणार?" तिने विचारलं.

"ते विचारायचं नसतं, टोलवाली."

आजींनी मात्र तिच्याकडूनच तीन घेतल्या. "एकच पुरते," बेरित म्हणाली. "माहीत आहे गं. दोन घरी ठेवते, जपून."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलावर अडकलेल्या बसमध्ये तिने रेडिओ कानाला लावला होता. मागे साठ माणसं, नेहमीसारखी मूग गिळून, खिडकीबाहेर बघत. निकाल आला. निम्म्याहून जास्त "हो"! फार नव्हे, पण जास्त. याच शहरातली बहुतेक माणसं वर्षापूर्वी टोलचं नाव काढलं की थुंकत होती.

थांब्यांची नावं सोडून ध्वनिक्षेपकावर काही बोलायला चालकांना मनाई होती. बेरितने बटण दाबलं.

"मंडळी, आपण जिंकलो. पुढच्या वर्षी टोल परत लागेल, हा पूल मोकळा होईल. ज्यांनी हो म्हटलं त्यांचे आभार. चालकाला मुतायला वेळ मिळणार आहे!"

साठ माना खिडकीकडून एकदम पुढे वळल्या. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, दुसऱ्याने साथ दिली, आणि बघता बघता अख्खी बस टाळ्या वाजवू लागली. शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून बघू लागला. टाय लावलेला एक गृहस्थ ताडकन उठला.

"मी नाही म्हटलं होतं!"

बेरित आरशातून त्याच्याकडे बघून हसली. "बसा हो, बसा. तुम्हालाही वेळेवर पोचवीन."

तो बसला. समोरची रांग एक गाडीभर पुढे सरकली, आणि बेरितने पुलावर अख्ख्या शहराला ऐकू जाईल असा भोंगा वाजवला.