साहेबांचा पासवर्ड

"पर्स उलटी कर," साहेब म्हणाले.

मी केली. टेबलाच्या काचेवर कंगवा पडला, एसटीचा पास पडला, सुकटीचा डबा पडला. झाकण सैल होतं. वास सुटला तसा साहेबांनी नाकाला रुमाल लावला. मुंबईहून आलेल्या अधिकाऱ्यांनी पेनाच्या टोकाने डबा बाजूला ढकलला. "फ्लॉपी आहे का बघ," साहेब शिपायाला म्हणाले. "ह्या लोकांचं काही सांगता येत नाही."

फ्लॉपी नव्हती. पण ज्या फाईलवरून हे चाललं होतं ती मी उघडली होती. खरंच उघडली होती.

दोन हजार साल. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. टेम्पररी. आमच्या बौद्धवाडीतली कॉम्प्युटरवर बसणारी पहिली पोरगी. आई काजूच्या बिया फोडायची. चिकाने तिचे हात कायमचे काळे झालेले. मी कायम झाले की तिला घरी बसवायची, एवढंच माझं ठरलेलं.

साहेब कीबोर्डला हात लावत नसत. ते कारकुनाचं काम. रोज सकाळी बॅग ठेवता ठेवता पासवर्ड मोठ्याने सांगायचे, लेकीचं नाव, आणि म्हणायचे, "टाक गं." मी टाकायची. अख्ख्या ऑफिसला तो पाठ होता. फक्त एकच फाईल त्यांनी स्वतः टाईप केली, दोन बोटांनी, दार लावून. कुणाला कायम करायचं त्याची गोपनीय यादी.

ते मंगळवारी मुंबईला गेले. मला राहवेना. पासवर्ड टाकला आणि वाचलं. माझ्या नावापुढे होतं: "कामात चोख. कायम करू नये. ह्यांना जवळ केलं की डोक्यावर बसतात."

तळपायाची आग मस्तकात गेली. फाईल मुकाट बंद केली. पण ती शेवटची कधी उघडली ते कॉम्प्युटर दाखवतो, आणि ते बघायचं कसं, हे साहेबांना मीच शिकवलं होतं. मंगळवारची तारीख निघाली, आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर बसणारी मीच. कर्म माझं!

पर्स तपासून झाली तसा अधिकाऱ्यांनी टाईप केलेला कागद पुढे सरकवला. "मी साहेबांचा पासवर्ड चोरून गोपनीय फाईल उघडली." खाली सहीची जागा. "उद्या सही कर. नाहीतर पोलिसांत देऊ."

घरी आले तर आई हातांना खोबरेल चोळत बसलेली. "काय गो, तोंड असा का पडलाय?"

सगळं सांगितलं. ढसाढसा रडले. "सही करते आये, सुटते एकदाची."

"फाईल उघडलास ना? मग उघडलास म्हणून लिही. चोरलास काय?"

"नाही."

"मग ते कशाला लिवतेस?"

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये जायच्या आधी दोनदा लघवीला जाऊन आले. बाहेर जीप थांबली की वाटायचं, आले पोलीस. आत जाऊन कागद पुढ्यात ओढला. 'साहेबांचा पासवर्ड चोरून' एवढं खोडलं. वर लिहिलं, 'साहेब रोज सर्वांसमोर मोठ्याने सांगत तो पासवर्ड वापरून, न विचारता'. मग सही केली.

"एवढी मिजास? दुसरा कागद घे!" साहेब ओरडले.

"नाही घेणार." मी पेन टेबलावर ठेवलं. "फाईल उघडली ती माझी चूक. त्यासाठी काढा. चोर म्हणून नाही."

अधिकाऱ्यांनी वाचलं. "तुम्ही खरंच सर्वांसमोर सांगायचात?" साहेबांनी कागद ओढून ड्रॉवरमध्ये टाकला.

मला काढलं. पत्रात कारण तेवढंच होतं: परवानगीशिवाय गोपनीय फाईल उघडली. बरोबर होतं. मी भांडले नाही. साहेब मात्र त्याच खुर्चीत राहिले आणि आई बिया फोडत राहिली. ह्याचा राग आजही आहे.

पुढे नोकरी मागायला गेले की ते पत्र मीच आधी टेबलावर ठेवायची. दोन ठिकाणी नकार मिळाला, तिसऱ्या ठिकाणी घेतलं. पहिल्याच सकाळी तिथले साहेब बॅग ठेवत म्हणाले, "माझा पासवर्ड लिहून घे. रोज तूच टाकत जा."

वाटलं, गेली, ही नोकरीपण गेली. मी कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला.

"तुमचा तुम्ही टाका, साहेब. मी तिकडे तोंड करून उभी राहते."