चालणारं पित्त

हमीदभाई गेल्याचा त्यांच्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी अंबाजोगाईत आमच्या छोट्या प्रयोगशाळेत काचा धूत होतो. चारच दिवसांपूर्वी त्यांना इथून मोठ्या शहरातल्या दवाखान्यात हलवलं होतं, म्हणजे धास्ती होतीच. आणि खरं सांगतो, रडू यायच्या आधी राग आला… स्वतःचाच.

हमीदभाई आमच्या दिंद्रुडकडच्या उपसा सिंचन संस्थेचे मेकॅनिक. दुष्काळात संस्थेची जॅकवेल, म्हणजे मोटारींची ती खोल विहीर, एवढीच पंचक्रोशीत ओली जागा उरायची. माणसं, जनावरं, घागरी सगळं तिथंच, आणि परसाकडला बसणंही तिथल्याच आडोशाला. पाइपाच्या तळाची झडप, म्हणजे फूटव्हॉल्व्ह, गाळाने तुंबला की हमीदभाई काठावर चप्पल काढून अनवाणी उतरत, आणि त्यांचे जोडीदार दगडूबा पाठोपाठ. कोणतीही गोष्ट उघडून बघितल्याशिवाय हमीदभाईंना चैन पडत नसे. मोटारीचं ठीक होतं, पण एकदा स्वतःच्या अंगाचंही त्यांनी तेच केलं. कमरेवर अधूनमधून एक लाल, खाजरी रेघ उठायची. लोक म्हणत, पित्त उठलंय, आमसूल लावा. घरातलं आमसूल संपलं, रेघ काही थांबेना. मग या गृहस्थांनी बॉलपेनने रेघेच्या टोकाला खूण केली, तासाभराने पुन्हा केली, आणि सदरा वर करून मला दाखवायला आले.

"भाऊ, पित्त कुटं चालतं व्हय? हे बगा, तासात चार बोटं गेलं."

"मीटर बसवा त्याला," मी म्हणालो.

"हसू नका. तुमच्याकडं ती दुर्बीण हाय नं? संडास तपासून बगा की."

"पित्तासाठी संडास कोण तपासतं, हमीदभाई?"

ते सदरा खाली करून गेले. शिकताना कातडीखाली अशी रेघ ओढत चालणाऱ्या जंताचं पान मी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, आणि तेच समोर चालत आलं तर मी थट्टा केली.

मग बरीच वर्षं गेली. त्यांच्या मूत्रपिंडाला सूज आली, स्टिरॉईडच्या गोळ्या सुरू झाल्या. सूज उतरली, सगळे खूश. पण थोड्याच दिवसांत ताप, खोकला, धाप… थुंकीची काच माझ्याकडे आली. भिंगाखाली सुतासारखे जंत वळवळत होते. हा जंत पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि त्याची पिल्लं त्याच माणसात पुन्हा वाढतात, वर्षानुवर्षं. शरीर त्याला दाबून ठेवतं. गोळ्यांनी शरीराची ताकद ढिली पडली, आणि तो फुप्फुसापर्यंत पसरला. हमीदभाईंनी हट्टाने चाकाची खुर्ची आणवून भिंगातून बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

"म्हंजी चालत हुतं ते हेच. मी खोटं न्हवतो बोललो, भाऊ."

मी मान खाली घातली. तेवढ्यात म्हणतात, "दगडूबाचं बी बगा. त्यो माज्या मागंच उतरायचा." जंताचं औषध लगेच सुरू झालं, पण फार उशीर झाला होता.

हमीदभाईंच्या चाळिसाव्याला दिंद्रुडला गेलो. दगडूबा भेटले. सांधे धरलेत, म्हणाले, आणि खिशातून चिठ्ठी काढली. त्याच स्टिरॉईडच्या गोळ्या, दुसऱ्या दिवशीपासून घ्यायच्या. मी म्हणालो, आधी तपासणी, मग गोळी.

"कावून? मला तर खाज बी न्हाई."

"हमीदभाईंनी सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने दगडूबा संडासाच्या नमुन्याची डबी घेऊन हजर झाले आणि माझ्या मागे बाकावर बसले. मी काच लावली. कितीतरी वेळ काहीच दिसेना. मग एका कोपऱ्यात हालचाल दिसली… तोच. वेळेत सापडला होता. आधी जंताचं औषध, मग सांध्यांचं. इतका आनंद झाला की भिंगावरचा डोळा न काढताच मी म्हणालो, "हमीदभाई, या, बघा."

मागे बाक करकरलं.

"मी दगडू हाय, भाऊ," असं हळूच म्हणून ते बघायला पुढे आले.