तबकडीवरचं कुंकू

माझा राग नाकावर असतो. घरच्यांना त्याची सवय होती. शाळेत तो पहिल्यांदा निघाला तो आमच्या शिपाईकाकांवर, आणि तो दिवस अजून माझ्या मनातून जात नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मालवणजवळच्या कट्टा गावाच्या पुढं दोन मैलांवर आमची शाळा. गावच्या मुंबईकर मंडळानं शाळेला एक कॉम्प्युटर पाठवला आणि तो चालवायला म्हणून मला घेतलं. मी मालवणची, वडिलांशी भांडून मुंबईला मावशीकडे राहून हे शिकून आलेली. नेमणूक एका वर्षाची, तीही मशीन आहे तोवर. ते गेलं की मीही घरी, आणि मालवणात तेव्हा माझ्या या विद्येला कुत्र्यानंही विचारलं नसतं. वडील तर वाटच बघत होते.

त्या मशीनला स्वतःचं असं काही आठवत नसे. सुरू केलं की एक काळी, चौकोनी, पातळ फ्लॉपी त्याच्या फटीत घालायची. तिच्यावरून ते सगळं वाचून घ्यायचं आणि मग जागं व्हायचं. आम्ही तिला तबकडी म्हणायचो. ती नसेल तर मशीन म्हणजे नुसता घरघरणारा पंखा. शिकताना आम्हाला बजावलं होतं की पहिल्याच दिवशी हिची नक्कल करून ठेवा. कोऱ्या तीन तबकड्या आल्याही होत्या, पण हेडमास्तरांनी त्या खराब होतील म्हणून बक्षिसाच्या ढालींबरोबर कपाटात घातल्या आणि किल्ली जानव्याला बांधली. मागू उद्या, मागू परवा करत मी चार महिने काढले. ही चूक माझी.

शिपाईकाका साठीला टेकलेले. मशीनची खोली ते दिवसातून दोनदा ओल्या फडक्यानं पुसत आणि आत येताना पाय धुऊन येत. एकदा त्यांनी मला विचारलं, "बाई, ह्येचो जीव खंय आसा?"

मला प्रश्न फार आवडला. मी तबकडी काढली. वरच्या बाजूच्या लेबलावर मी श्री लिहिलं होतं. ती पालथी केली आणि तिच्या काळ्या पाकिटाला असलेली लांबट खिडकी दाखवली. आतली तपकिरी चकती तिथून दिसते.

"हयसर," मी म्हटलं. "मशीन हयसरसून वाचता. हंय बोट लागला तर मेला म्हणून समजा."

काकांनी दोन्ही हात मागे घेतले. आपण किती छान समजावलं म्हणून मी त्या दिवशी स्वतःवरच खूश होते.

मग दसरा आला. आदल्या दिवशी शाळेत सरस्वतीपूजन झालं, दसऱ्याची सुट्टी झाली आणि तिसऱ्या दिवशी मी शाळेत आले. मंडळाचे कार्यवाह सणाला गावात आले होते आणि त्या दिवशी तीन वाजता मशीन बघून संध्याकाळच्या गाडीनं मुंबईला परतणार होते. हेडमास्तरांना त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की मशीन चालत नसेल तर शेजारच्या गावची शाळा ते मागतेच आहे.

मी सव्वादहाला बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवी रेघ लुकलुकली, तबकडीच्या फटीवरचा लाल दिवा लागला आणि आतून खर्र खर्र असा आवाज यायला लागला. असा आवाज मी आधी ऐकला नव्हता. मग पडद्यावर इंग्रजीत ओळ आली की योग्य तबकडी घाला आणि कुठलीही कळ दाबा.

तबकडी योग्यच होती. काढली, परत घातली. दहा वेळा, बारा वेळा. दर वेळी श्री वर, जशी रोज घालते तशी. व्होल्टेज कमी असेल म्हणून स्टॅबिलायझरचा काटा पाहिला, ठीक होता. प्लग हलवून पाहिले. उंदरानं वायर कुरतडली असेल म्हणून टेबलाखाली शिरले. शेवटी स्क्रू काढून झाकण उघडलं, आतली कार्डं एकेक उपसली आणि त्यांची पितळी टोकं खोडरबरानं घासली, कारण आमच्याकडच्या खाऱ्या हवेत धातूवर थर बसतो. सगळं जोडलं. खर्र खर्र. तीच ओळ. साडेबारा वाजले होते, घामानं पाठ भिजली होती आणि मला रडू येत होतं. हेडमास्तर दारात येऊन घड्याळ बघायचे, काही न बोलता परत जायचे. त्यापेक्षा त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

झाकण परत बसवताना पडद्याच्या मागे मला झेंडूची पाकळी सापडली. मग चार अक्षता.

"हंय कोण इल्लो?" मी ओरडले.

काका ओट्यावर बसले होते, उठून आले. "मी पूजा केलंय बाई. खंडेनवमीची. घंटेची केलंय, कुदळीची केलंय, मगे ह्येची."

आमच्याकडे त्या दिवशी कोयता, नांगर, होडी, ज्याच्या जिवावर पोट भरतं त्याला हळदकुंकू लागतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण मला कुणीतरी हवं होतं, आणि काका समोर होते. रागात मी मालवणी सोडून पुस्तकी मराठीत बोलले, म्हणजे ते जास्त लागेल.

"तुमचा हात लागला आणि मशीनची वाट लागली. यापुढे या खोलीत कशालाही हात लावायचा नाही. समजलं?"

दोन शिक्षक आणि अख्खी सातवी ऐकत होती. काकांनी मान हलवली आणि ते गेले.

दहा मिनिटांनी ते उंबऱ्याबाहेर येऊन उभे राहिले. "बाई, एक सांगू? त्या तबकडीक पण कुंकू लावलंय."

"खंय?"

"तुमी दाखयलास थंय. जीव आसा थंय." आणि मग घाईघाईनं, "बोट नाय हां लावलंय. फुलान लावलंय."

मी तबकडी ओढून काढली आणि त्या दिवसात पहिल्यांदा पालथी केली. खिडकीत, बरोबर मध्यावर, वाळलेलं कुंकू फिरून फिरून पसरलं होतं. माझा शब्द न् शब्द त्यांनी पाळला होता.

पण रडायला वेळ नव्हता. कपाटातून कोरी तबकडी मागवली. ब्लेडनं दोन्हींची पाकिटं कडेनं कापली आणि आमच्या तबकडीची आतली चकती बाहेर काढली. काकांनी विहिरीचं पाणी काढून दिलं, ते फडक्यातून गाळून मी चकती हलक्या हातानं धुतली, पंख्याखाली धरून वाळवली आणि कोरीच्या स्वच्छ पाकिटात सरकवली. मशीनच्या आत जो भाग तबकडी वाचतो त्यालाही कुंकू लागलं असणार. काका धावत दवाखान्यात गेले, स्पिरिट आणि कापूस घेऊन आले. आपल्या झाडूचा एक हीर मोडून त्यांनी त्याच्या टोकाला कापूस गुंडाळला आणि तो उंबऱ्यावरूनच, हात लांब करून, मला दिला. कापूस तीनदा लाल झाला. चौथ्यांदा पांढराच राहिला.

तीनला पाच कमी असताना मी बटण दाबलं. लाल दिवा लागला. खर्र नाही, नुसती बारीक टिकटिक. मग हिरवी अक्षरं आली. मी ती ओळीनं वाचली, एकही सोडली नाही. पहिलं काम म्हणजे नक्कल करून घेतली.

कार्यवाहांनी मुलांची पटावरची यादी पडद्यावर सरकताना पाहिली, चहा घेतला, आणि माझी नेमणूक पुढं चालू ठेवा म्हणून सांगून गाडीला गेले. सगळे माझं कौतुक करत होते. काका पटांगणात पालापाचोळा गोळा करत होते. त्यांच्याशी उद्या बोलू म्हणून मी एसटी गाठली. उद्याही बोलले नाही. मला लाज वाटत होती, आणि जितके दिवस गेले तितकी ती वाढत गेली.

पुढच्या खंडेनवमीला काकांनी घंटेची पूजा केली, कुदळीची केली. ताम्हन घेऊन ते मशीनच्या खोलीपाशी आले आणि उंबऱ्याबाहेर थांबले.

मी म्हटलं, "काका, येवा भितर. मशीनाक कुंकू लावा."

"नको बाई," ते म्हणाले. रागानं नाही, अगदी साधेपणानं. "थंय माझो हात नको."

ताम्हन त्यांनी माझ्या हातात दिलं. कुंकू मीच लावलं, टेबलाच्या पायाला. मागे वळून पाहिलं तर काका बाहेरून हात जोडून उभे होते. त्यांचे पाय ओले होते. ते धुऊनच आले होते.