रुमाल टाकलेल्या लाइनी

आमची लेक मंजुषा समुद्रपूरजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर आहे. ऑपरेटर आता कुठे असतात, असं लोक मला विचारतात. असतात. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर बदलला की त्याच्याबरोबर मोबाइल नंबरही जातो, पण गावोगावच्या भिंतींवर रंगवलेला दवाखान्याचा नंबर तोच राहतो. तो मंजुषाच्या बोर्डावर वाजतो.

दवाखान्यात बाहेरच्या लाइनी चार आणि आतले फोन तीसेक. आतल्या कुणाला बाहेर बोलायचं असलं की शून्य दाबायचं, चारपैकी रिकामी असेल ती लाइन मिळते. बाहेरून येणारा फोनही याच चारांतल्या रिकाम्या लाइनीवरून आत येतो.

संस्थेचे अध्यक्ष अण्णाजी. माणूस भला. जावई गेल्यावर मंजुषाला नोकरी त्यांनीच दिली. एकदा त्यांना ऐन वेळी लाइन मिळाली नाही. तेव्हापासून ते सकाळी केबिनमध्ये आले की शून्य दाबत आणि रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवून देत. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा, तशी लाइन धरून ठेवत. अध्यक्षांचं पाहून हिशेबवाल्यांनी तेच सुरू केलं, मग औषधांच्या स्टोअरने आणि एक्स-रेवाल्यांनीही. दुपारपर्यंत चारही लाइनी अडकलेल्या आणि बोलत कुणीच नाही. मंजुषा खोल्याखोल्यांत जाऊन सांगायची, रिसीव्हर जागेवर ठेवा. लोक हसायचे.

मग जवळच्या एका गावातल्या तानाबाईच्या नवऱ्याला वांग्याच्या वाडीत साप चावला. ती फोन लावत राहिली आणि फोन एंगेज येत राहिला. शेवटी त्याला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये धरून आणलं. वाचला तो. त्याला सुट्टी मिळाली त्या दिवशी तानाबाई बोर्डासमोर येऊन उभी राहिली.

"बाई, तुमचा फोन इतका येळ कोनासंग बोलून राह्यला होता वो?"

बोर्ड बसवायला आलेल्या माणसाकडून मंजुषाने बोर्डाची मांडणी शिकून घेतली होती. त्याच दुपारी तिने लाइनींची वाटणी केली. दोन लाइनी फक्त बाहेरून येणाऱ्या फोनसाठी, शून्य दाबून त्या मिळणारच नाहीत. उरलेल्या दोन सगळ्यांच्या. त्यांतलीही एखादी कुणी नुसती धरून बसलं, तर थोड्या वेळात ती आपोआप सुटेल.

दुसऱ्या दिवशी अण्णाजी स्वतः बोर्डापाशी आले.

"पोरी, माही लाइन काऊन कापली?"

"कापली नाई, अण्णाजी. वाटून देल्ली."

"अन् मले अर्जंट बोला लागलं तं?"

"दोन हायेत ना. मोकळी असन ते भेटन."

"नसन तं? अध्यक्षानं रांगेत उभं राहाचं काय?"

"आजवर रुमाल बसले होते, अण्णाजी. मानसं उभी होती."

मागे फरशी पुसणाऱ्या सुलोचनाबाई हसल्या. बोलण्यापेक्षा त्या हसण्यानेच जास्त बिघडलं, असं मला वाटतं. संध्याकाळी व्यवस्थापक मधुकररावांनी सांगितलं की लाइनी पूर्वीसारख्या करा आणि शनिवारच्या सभेत माफी मागा, नाहीतर दुसरी नोकरी पाहा.

त्या रात्री जेवताना मी मंजुषाला म्हटलं, "एक लाइन देऊन टाक त्याहीले. कोनाचं काय जाते?"

"तानाबाईचं जात होतं, आई."

"नोकरी त्याहीनंच देल्ली तुले."

"म्हनून तं नीट करून राह्यली."

तिच्या मुलीची, अपेक्षाची, यंदा दहावी आहे, हेही मी बोलून दाखवलं. नातीने पुस्तकातून मान वर केली. "आजी, माह्या नावानं तिले भेव नको दाखवू."

माझी भीती खोटी नाही. भाड्याचं घर आहे आणि पगार एकटीचा. पण ही मुलगी मी काही आजच पाहत नाही. वर्ध्याला कॉलेजात जाताना एकदा बसमध्ये तिने सीटवरचा रुमाल उचलला आणि दिवस भरत आलेल्या एका बाईला तिथे बसवलं. रुमालवाला वर चढून ओरडायला लागला. हिने रुमालाची घडी केली, त्याच्या हातात दिली आणि वर्ध्यापर्यंत त्याच्याच शेजारी उभी राहिली. त्या दिवशी मी तिला रागावले होते. आज रागावणार नाही.

सभा उद्या आहे. लाइनी बदलायच्या तर बदला, माझ्या हातून होणार नाही, एवढंच ती म्हणणार आहे. सांगून ती झोपली. मला झोप येईना, म्हणून आत्ता मी भिंतीवरचा तो नंबर लावून पाहिला. रात्रपाळीच्या माणसाने पहिल्याच घंटीला उचलला.

"बोला, दवाखाना."

"काही नाही भाऊ, लागते का ते पाहत होते."

"लागते न मावशी. आता लागते."

उद्या मीही सभेला जाणार आहे. आत घेतलं नाही तर दारात उभी राहीन. आज दुपारीच तानाबाईलाही निरोप दिला होता. ती म्हणाली, नवऱ्याले घेऊनच येतो.