‘स्वतः’पुढची टिक

जीप सुटल्यावर जान्याबाबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "बाय, किती दीस?"

"आठ," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा तोंड मिटलं. मला वाटलं, घाबरले असतील. ऑपरेशनला सगळेच घाबरतात. पालघर येईपर्यंत मी त्यांना मोतीबिंदू म्हणजे काय ते समजावत राहिले.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मूळची सांगलीची, मुंबईच्या एका संस्थेच्या प्रोजेक्टवर बोईसरला होते. वयाची ऐंशी ओलांडलेल्या माणसांना उपचारांतून काय हवं असतं, ते त्यांनाच विचारायचं, असा अभ्यास. ऐकायला छान. प्रत्यक्षात सात पानांचा फॉर्म, रोज सहा घरं, आणि संध्याकाळी भाड्याच्या खोलीत एकटीनं स्टोव्ह पेटवायचा. मी जेवले की नाही, हे विचारणारं तिथं कुणी नव्हतं.

फॉर्मवर दुसऱ्याच ओळीत 'रिस्पॉन्डंट' होता, म्हणजे उत्तरं देणारा. पुढे दोन चौकोन: स्वतः, नातेवाईक. 'नातेवाईक'वर टिक केली की आमचे डॉक्टर सर फॉर्म परत पाठवायचे. आता म्हाताऱ्यांना ऐकू कमी, बोलायला वेळ लागणार. उत्तरं देणार मुलगा, नाहीतर सून. मग आम्ही सगळे काय करायचो, तर ऐकायचं मुलाचं आणि टिक करायची 'स्वतः'वर. बेटेगावजवळच्या पाड्यावर काशिनाथनं, म्हणजे जान्याबाबांच्या मुलानं, कारखान्यात शिफ्टला निघता निघता उत्तरं दिली होती.

"बाबा ऑपरेशनला तयार आहेत?"

"हाय ना. तयार हाय."

बाबा चार हात लांब ओट्यावर बसले होते. केली टिक.

तयार असतील त्यांच्यासाठी संस्थेचं डोळ्यांचं शिबिर पालघरला एका मोठ्या हॉलात होतं, सरच ते चालवायचे. ऑपरेशन नीट झालं, डोळ्यांवर पट्टी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉटजवळ गेले तर चहा तसाच गार झालेला.

"का घेतला नाही, बाबा?"

"म्हातारी जेवली असंल का?"

"सून आहे की घरी."

"तिच्या हातचं नाय खात. माज्याच हातचं खाते. दोन वरसं झाली, हातरुणातून उठली नाय ती."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"माला कोनी इचारलं?"

मी उठले. तडक सरांकडे गेले. "सर, त्यांच्या बायकोला इथंच आणू या. शेजारी एक कॉट टाकू."

"पुरुषांच्या हॉलात? बाई, शिबिर आहे हे, धर्मशाळा नाही."

"मग त्यांना घरी सोडा."

"आणि टाके कोण बघणार? तुम्ही?"

दुपारच्या गाडीनं मी बोईसरला उतरले आणि पाडा गाठला. लखमीआजी, बाबांची म्हातारी, भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. सून पेज घेऊन बसली होती, तिनं हात टेकले होते. मी चमचा पुढे केला. आजींनी मान वळवून ओट्याकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटले. मी रोज जात राहिले. जीभ ओली होईल इतकं पाणी, बस. सहाव्या दिवशी आजी गेल्या. नवऱ्याविना त्यांना पोचवलं.

काशिनाथनं मला हॉलच्या दारात गाठलं. "बाय, बाबाला सांगू नका. रडला तं डोला जाईल."

हे त्यांना मीच पाठ करवलं होतं. दीड महिना वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, रडायचं नाही. सरही म्हणाले, "सांगू नका. रडेल, डोळा चोळेल, टाके तुटतील."

पुढचे दोन दिवस मी कॉटजवळ स्टूल घेऊन बसले.

"म्हातारी खाते का?"

"खाते."

"किती?"

"वाटीभर पेज."

मग ते स्वतः जेवले. इतकी एकटी मी बोईसरच्या त्या खोलीतही कधी नव्हते.

आठव्या दिवशी पट्टी निघाली. चष्मा लावून बाबा घरी आले. काशिनाथनं ओट्यावरच सांगितलं. बाबा आत गेले, रिकाम्या कोपऱ्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. रडले नाहीत. मला कुणी बोललं नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. खोलीवर येऊन मी रडले, मला कुणाची मनाई नव्हती.

दीड महिन्यानं तपासणी होती. सरांनी टॉर्च मारून डोळा बघितला. "फर्स्ट क्लास. बाबा, आता सगळं करायला मोकळे तुम्ही."

बाबांनी सरांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"बाय, आता रडलं तं चालंल?"

सरांनी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, "चालेल, बाबा." त्यांनी चष्मा काढला, दुमडून माझ्या हातात दिला आणि मग रडले.

रिपोर्टमध्ये ही केस 'यशस्वी'त गेली. नजर खरोखर उत्तम आली होती. त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी एक नियम पाळला. मुलगा कितीही घाईत असो, आधी म्हाताऱ्या माणसासमोर खाली बसायचं, विचारायचं, उत्तर येईपर्यंत थांबायचं, आणि मगच टिक. त्यापायी फॉर्म कमी भरतात म्हणून मला दोनदा मेमो मिळाला. मिळू दे.